"आमच्यावर प्रयोग करताय का?"

काकांचा आजार सहा वर्षांनी उलटला. सीएलएल, म्हणजे रक्ताचा सावकाश वाढणारा कॅन्सर. परळच्या ओपीडीत डॉक्टरांनी दोन औषधं एकत्र द्यायचं ठरवलं: व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या आणि सलाइनमधून रिटुक्सिमॅब. काकूने तिथेच विचारलं, "आमच्यावर प्रयोग करताय का?"

लालबागच्या चाळीत त्या रात्री याच प्रश्नावर चर्चा.

मी वाचून काढलं. प्रयोग आधीच झालाय, दुसऱ्यांवर. म्युरानो नावाच्या चाचणीत आजार उलटलेले ३८९ रुग्ण होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. रिटुक्सिमॅब दोघांनाही, एका गटाला जोडीला व्हेनेटोक्लॅक्स, दुसऱ्याला बेंडामस्टीन ही जुनी केमो. निकाल २०१८ मध्ये आले. नव्या जोडीवर दोन वर्षांनी शंभरातले सुमारे ८५ जण आजार न वाढता जगत होते, जुन्या केमोवर ३६.

आणि दोन वर्षांनी गोळ्या बंद! इब्रुटिनिबसारखी गोळी मात्र गुण येतोय तोवर घेतच राहावी लागते. गिरणी कामगाराच्या घरात 'किती दिवस घ्यायचं?' हा प्रश्न आधी येतो, हे वेगळं सांगायला नको.

म्युरानोला पैसा औषध कंपन्यांचा होता. पण डोस कमी करून भागेल का, हे विचारण्यात कंपनीचा काय फायदा? ते सार्वजनिक रुग्णालयांनीच विचारायचं. आपल्या टाटाने विचारलं. डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये नेहमीच्या स्वस्त गोळ्यांना निवोलुमॅबचा फक्त २० मिलिग्रॅम डोस जोडून १५१ रुग्णांवर चाचणी घेतली. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. उलटलेल्या सीएलएलसाठीही अशा कमी डोसाच्या चाचण्या इथे व्हायला हव्यात, त्यासाठी सरकारने पैसा द्यायला हवा.

उद्या तुमच्यापुढे कुणी ट्रायलचा फॉर्म ठेवला तर लगेच घाबरून नाही म्हणू नका, न वाचता सहीही करू नका. मराठीत समजावून मागा. दुसऱ्या गटाला काय मिळणार ते विचारा. मधेच बाहेर पडायचा हक्क तुम्हाला आहे. चाचणीमुळे इजा झाली तर २०१९ च्या नियमांप्रमाणे उपचार मोफत मिळायला हवेत.

काकू दर महिन्याला कालनिर्णयवर एक फुली मारते. अठरा झाल्या, सहा राहिल्या. त्या ३८९ जणांपैकी एकालाही आम्ही ओळखत नाही.