कालचे ऊन

पहाटे पाचला नळातून वाफाळते पाणी येते, तेव्हा सूर्य उगवलेला नसतो. आपण न्हातो ते कालच्या उन्हात. सौर बंबाचे मर्म मला या 'काल'मध्ये दिसते. पाणी तापवणे सोपे. त्याची ऊब रात्रभर राखणे अवघड.

अमेरिकेत बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पने १८९१ मध्ये सौर बंबाचे पेटंट घेतले. काचेच्या झाकणाखालच्या त्याच्या काळ्या टाक्या दिवसा तापत आणि रात्री निवत. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेलीने तापवणे आणि साठवणे वेगळे केले. त्याच्या बंबाचे नावच 'डे अँड नाइट' होते. आपल्या गच्चीवरही तीच रचना आहे. दक्षिणेकडे कललेले काळे पट आणि त्यांच्या वर जाड आवरणाची टाकी. तापलेले पाणी हलके होऊन आपसूक वर चढते, गार पाणी खाली उतरते.

आमच्या घरी ही राखण आई करीत असे. तांब्याच्या बंबात लाकडे सारीत, डोळे चोळीत. तिची पाळी येई तेव्हा निखारे विझलेले असत. आपल्या स्मरणरंजनपर ललित लेखनात बंबाच्या धुराचा वास पुष्कळ आढळतो. तो धूर कोणाच्या डोळ्यांत गेला, याची नोंद क्वचितच.

ढगाळ आठवड्यात सौर बंबालाही विजेचा आधार लागतो, हे खरे. परंतु एरवी आई आता घरात सर्वांच्या आधी न्हाते.