झिनिया आणि डेडलाईन

२०२५ ची घटस्थापना. आई घटाभोवती माती पसरून गहू पेरत होती आणि मी शेजारी लॅपटॉप घेऊन बसलो होतो. हात न थांबवता ती म्हणाली, "ह्यांच्या वर्षश्राद्धाला फुलं घरची असती तर बरं झालं असतं रे."

साताऱ्याच्या घरामागे बाबांची बाग होती. ते गेल्यावर घर विकलं आणि आई पुण्याला आमच्याकडे आली. तेव्हापासून फोटोला पुडीतली विकतची फुलं. वर्षश्राद्ध डिसेंबरच्या मध्यावर, म्हणजे हातात जेमतेम बारा आठवडे. झिनिया बियांपासून आठ-नऊ आठवड्यांत फुलतो असं वाचलं. म्हटलं, होऊन जाईल! (आम्ही क्लायंटलाही असंच सांगतो.)

टेरेसवर ट्रे मांडले, बिया पेरल्या. पाचव्या दिवशी कोंब वर आले आणि मी वेडा झालो. दर मीटिंगनंतर जाऊन पाणी घालायचो. दसऱ्याला बघतो तर सगळी रोपं मातीलगत मऊ पडून आडवी! जास्त ओलाव्यात बुरशी धरते आणि कोवळा दांडा तिथेच कुजतो. आईच्या घटातले गहू मात्र टेचात वाढलेले.

मग शोधाशोध करताना कळलं की अंतराळ स्थानकावर जानेवारी २०१६ मध्ये जे फूल उमललं तेही झिनियाच. तिथेही आधी ओलावा जास्त होऊन बुरशी आली होती. शेवटी स्कॉट केलीने, पाणी कधी घालायचं ते वेळापत्रक नाही, मी रोपांकडे बघून ठरवणार, असं सांगितलं. मोठा धीर आला. चुकलो तर चुकलो, पण कंपनी चांगली होती.

दुसरी पेरणी. ह्या वेळी बोट मातीत खुपसून कोरडं लागलं तरच पाणी. बारा रोपं जगली, कुंड्यांत गेली, दिवाळीनंतर वीतभर झाली. एका शनिवारी उठून बघतो तर बाराच्या बारा रोपांचे शेंडे गायब! आई शांतपणे चहा पीत होती.

"आई, अगं काय केलंस हे? फुलं आठवडाभर लांबली ना आता!"

"शेंडा खुडल्याशिवाय फुटवे येत नाहीत. हे खुडायचे तेव्हा मीही अशीच ओरडायचे."

ह्यावर काय बोलणार? कारण पुस्तकात नंतर सापडलं. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की ते जागे होतात आणि एकाच्या जागी चार फांद्या येतात.

वर्षश्राद्धाच्या सकाळी बारा कुंड्यांत मिळून एकच फूल उमललं होतं. गडद गुलाबी. मी कात्री घेऊन उभा राहिलो आणि हात होईना. तीन महिन्यांचं एकुलतं एक फूल... कापायचं? आईने वीतभर खाली दांडा धरून हलवला. मान डुलली तर फूल कच्चं, कापल्यावर माना टाकतं. हे ताठ राहिलं. तिने पानांच्या जोडीच्या जरा वर कात्री लावली, मोकळी झाली आणि म्हणाली, "झाडावर ठेवलंस तर बी धरेल. बी धरलं की झाडाचं काम संपलं. नेलंस तरच पुढचं येतं."

फोटोसमोर फुलपात्रात ते एक फूल ठेवलं. विकतचा हार आणला होता, तो आईने घालू दिला नाही.

जिथे कापलं होतं तिथून दोन फुटवे निघाले. संक्रांतीला सतरा फुलं मोजली. आता सकाळी ऊन चढायच्या आत आई कात्री घेऊन जाते, खालची पानं काढून दांडे लगेच पाण्यात ठेवते. दोन-तीन दिवसांनी पाणी बदललं तर आठवडाभर टिकतात. शेजारच्या काकूंकडे तिळगुळाबरोबर फुलंही गेली. वर्षभरात पहिल्यांदाच आई आपणहून कोणाकडे गेली होती.

शेवटची चार फुलं मात्र कापायची नाहीत असं तिने बजावलंय. ती बियांसाठी.

चला, पाणी घालायला हवं. म्हणजे, आधी बोट घालून बघायला हवं!