खळेकाका, तुमचं नाव राहून जातं

उंद्री, ता. चिखली, जि. बुलडाणा

आदरणीय श्रीनिवास खळेकाका,


19 फेब्रुवारी 2023 पासून 'जय जय महाराष्ट्र माझा' आपलं राज्यगीत झालं. परिपाठात त्याची दोन कडवी होतात आणि पहिलीतलं पोरगंही मान ताठ करून गातं. गाणं कुणाचं, असं गावात विचारलं की शाहीर साबळ्यांचं नाव तात्काळ येतं. वाचणाऱ्यांना राजा बढेही आठवतात, नागपूरचे म्हणून थोड्या जास्त प्रेमानं. चाल तुमची, पण ती कुणाची म्हटलं की सगळे थांबतात. हे मला सलतं, म्हणून हे पत्र.

प्रश्न नुसत्या श्रेयाचा नाही. ही चाल बांधणारा मुळात असल्या चालींचा माणूस नव्हता, हे कळल्याशिवाय तिची किंमत कळत नाही. 'जिव्हाळा' चित्रपटातलं 'या चिमण्यांनो, परत फिरा रे' घ्या. गदिमांच्या शब्दांतली आई तिन्हीसांजेला पोरांना हाक मारते. तुम्ही तिला पूरिया धनाश्री दिलात, कोमल रिषभाचा, तीव्र मध्यमाचा, आणि हाकेइतकीच काळजी ऐकू यायला लागली. ज्या घरातली मुलं पुण्याला कंपनीत गेलीत, त्या घरात हे गाणं शेवटपर्यंत ऐकवत नाही.

'भेटी लागी जीवा'चंही तेच. तुकोबांचे अभंग भजनी मंडळं पिढ्यान्‌पिढ्या टाळ-पखवाजावर म्हणत आली. पण लताबाईंच्या गळ्यासाठी तुम्ही केलेली चाल ऐकायला सोपी वाटते आणि म्हणायला गेलं की श्वास कुठं घ्यावा तेच उमगत नाही. असा माणूस महाराष्ट्राचं गाणं करायला बसला तेव्हा त्यानं सगळं अवघडपण बाजूला ठेवलं. सूर कधी न शिकलेल्या शेकडो गळ्यांना पहिल्याच ओळीत एकत्र येता यावं, अशी चाल केली. स्वतःची विद्या अशी आवरून धरणं फार थोड्यांना जमतं.

फिनलंडच्या सिबेलियस या संगीतकाराची गोष्ट अशीच आहे. देश रशियाच्या झारच्या अमलाखाली असताना, 1899 साली, त्यानं 'फिनलंडिया' रचली आणि लोकांनी ती छातीशी धरली. उत्तरेच्या अरण्यावरची त्याची 'तापिओला' 1926 ची, म्हणजे तुमच्या जन्मवर्षाची. तिच्यात जयघोष नाही. एकच छोटा स्वरसमूह रूपं पालटत झाडीसारखा दाटत जातो. ती ऐकणारे कमीच. पण त्याच्या देशानं त्याचं नाव जपलं. 8 डिसेंबरला, त्याच्या जन्मदिवशी, तिथं झेंडे लागतात.

तुमचा जन्मदिवस 30 एप्रिल, महाराष्ट्र दिनाच्या आदल्या दिवशी. 1 मेच्या झेंडावंदनात गीत, गायन आणि संगीत अशी तिन्ही नावं वाचली जावीत, असा अर्ज मी ग्रामपंचायतीकडे देतो आहे. 30 एप्रिलच्या संध्याकाळी चावडीवरच्या भोंग्यावर चिमण्यांचं गाणं लावायची परवानगीही त्याच अर्जात मागितली आहे.

आपला,
एक श्रोता