उंटावरून शेळ्या कोण हाकतो?

१/ जैसलमेरच्या पिवळ्या दगडी किल्ल्यापासून निघालेला मराठी पर्यटक संध्याकाळी समच्या वाळूच्या टेकड्यांवर पोहोचतो. उंट आधी मागचे पाय उचलतो, स्वार पुढे कलंडतो, सोबतचे हसतात. सूर्यास्त, चुलीवरची भाकरी, वाळूवर अंथरूण, चांदण्यांखालची एक रात्र, आणि सकाळी पुन्हा शहर. परतताना मनात एक समीकरण पक्के झालेले असते : उंट म्हणजे वाळवंट, आणि वाळवंट म्हणजे राजस्थान.

२/ त्या एका रात्रीमागे मोठा इतिहास आहे. ११५६ च्या सुमारास रावळ जैसलने वसवलेले हे शहर सिंधकडे जाणाऱ्या काफिल्यांच्या जकातीवर आणि व्यापारावर पोसले. उन्हाळ्यात काफिले रात्री चालत, कारण दिवसाचे ऊन माणसाला सोसत नसे. उंटाची गोष्ट वेगळी. पाणी मिळाले नाही तर त्याच्या शरीराचे तापमान दिवसा सुमारे ४१ अंशांपर्यंत चढते आणि रात्री ३४ च्या आसपास उतरते. घाम गाळून पाणी घालवण्याऐवजी तो दिवसाची उष्णता अंगात साठवतो आणि थंड रात्रीला परत करतो.

३/ पुढे मुंबई बंदर वाढले, रेल्वे आली आणि काफिल्यांचा व्यापार आटला. १९४७ च्या फाळणीने सिंधची वाटच मिटली. हवेल्या बांधणारा व्यापार गेला. उरली ती पर्यटकाला विकण्याजोगी रात्र. जैसलमेरच्या उतरत्या काळाशी मुंबईचा असा थेट संबंध आहे.

४/ भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातले करडी तिथून सरळ रेषेतही हजार किलोमीटरहून दूर. हा मुलूख धानाच्या बांध्यांचा, मामा तलावांचा, वैनगंगेच्या खोऱ्याचा. इथे उंटाचा काय संबंध, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. इतिहासाचे उत्तर मात्र अनपेक्षित आहे.

५/ शिवकालीन अठरा कारखान्यांच्या यादीत पीलखाना, तोफखाना, नगारखाना यांच्याबरोबर उष्ट्रखानाही आहे. तंबू, दारूगोळा, धान्य वाहायला उंट लागत. निकडीचा मजकूर घेऊन सांडणीस्वार निघे. सांडणी म्हणजे स्वारीची वेगवान उंटीण. हा शब्द मराठीत इतका रुळला की त्यामागे एक जनावर आहे, हेही आज अनेकांना आठवत नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर अब्दालीने उंटांच्या पाठीवरून चालवलेल्या हलक्या तोफांनी, म्हणजे जंबुरकांनी, मराठी फौजेची मोठी हानी केली.

६/ विदर्भाचाच दाखला हवा असेल तर २९ नोव्हेंबर १८०३ चे आडगाव पाहावे. आजच्या अकोला जिल्ह्यातल्या या रणभूमीवर आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. लढाई दिवस मावळताना झाली. इंग्रज घोडदळाने चांदण्यात पाठलाग केला. ३८ तोफांबरोबर पुष्कळ हत्ती आणि उंट हाती लागल्याची नोंद वेलस्लीने केली. अठरा दिवसांनी देवगावचा तह झाला आणि भोसल्यांनी कटक व वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड गमावला. तहाची कलमे पाठ्यपुस्तकात आली. ज्यांच्या पाठीवर त्या फौजेचे ओझे होते, ते उंट आले नाहीत.

७/ भाषेने मात्र उंट सांभाळला, तोही चेष्टेसाठी. रांजणात अडकलेले जनावर सोडवायला आलेला ‘उंटावरचा शहाणा’ खाली उतरायला तयार नसतो. त्याला आत येता यावे म्हणून दार पाडावे लागते. आणि ज्याला कामाला हात न लावता दुरून हुकूम सोडायचे असतात, तो ‘उंटावरून शेळ्या हाकतो’.

८/ ज्यांच्याजवळ खरोखर उंटही आहेत आणि शेळ्याही, ते लोक विदर्भात आहेत. कच्छचे रबारी पिढ्यानपिढ्या मेंढ्या-शेळ्या घेऊन इथल्या रानांतून फिरतात. गावोगावी त्यांना काठेवाडी म्हणतात. पीक निघाल्यावर शेतकरी लेंडीखतासाठी त्यांच्या मेंढ्या शेतात बसवतो. त्यांच्या उंटावर खाटा असतात, भांडी असतात, वाटेत जन्मलेली कोकरे असतात, कधी म्हातारे माणूस वा लेकरू असते. मेंढपाळ स्वतः पायी असतो. उंटावरून शेळ्या हाकणारा त्या तांड्यात कोणी नसतो.

९/ जानेवारी २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासर येथे पोलिसांनी ५८ उंट ताब्यात घेतले. ते कत्तलीसाठी हैदराबादकडे नेले जात असल्याची तक्रार होती. रबारी आणि फकिराणी जत समाजांतले पाच जण ते कच्छहून चालवत आणत होते. विदर्भातल्या आपल्या नातलग पशुपालकांना ते द्यायचे आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. उंटांची रवानगी गोशाळेत झाली. रानात हिंडत झाडपाला ओरबाडणारे जनावर दावणीच्या चाऱ्यावर आले. मालकी सिद्ध करण्यात आठवडे गेले आणि अखेर न्यायालयाच्या आदेशाने उंट मालकांकडे परतले.

१०/ तक्रार करणाऱ्याच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. उंटांची बेकायदा वाहतूक होते, आणि २०१९ च्या पशुगणनेत देशातले उंट सुमारे अडीच लाखांवर आले. सात वर्षांत ३७ टक्क्यांची घट. काळजी रास्तच आहे. पण ‘विदर्भात उंट कशाला?’ हा संशय ज्याला सहज पटतो, त्याला उष्ट्रखाना माहीत नसतो, आडगाव माहीत नसते, शेजारच्या शेतात बसलेला तांडाही माहीत नसतो. इतिहासाच्या अज्ञानाची किंमत अशा वेळी परीक्षेतल्या गुणांत मोजली जात नाही. ती कोणाच्या तरी हंगामात, कोर्टाच्या खेपांत आणि खुंट्याला बांधलेल्या जनावराच्या उपासमारीत मोजली जाते.

११/ समच्या टेकड्यांवरची रात्र ज्याला घ्यायची त्याने जरूर घ्यावी. उंट बसला की उतरताना एवढेच आठवावे, की तो पर्यटकासाठी जन्मलेला नाही. शतकानुशतके त्याने माणसाचे घर एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेले, आणि तो अजूनही नेतो आहे. कच्छच्या रणातून निघून थेट विदर्भाच्या शेतांपर्यंत. त्याची दोरी धरणारा आजही पुढे चालतो आहे, पायीच.