मोती निघाला हरणांच्या गावाला

दोस्तांनो, तुमच्या घरी कुत्रा असेल तर हा प्रसंग ओळखीचा असेल. सगळे सहलीला निघालेत, पिशव्या दारात आल्यात आणि मोती शेपटी हलवत सगळ्यांच्या पुढे! "अरे, त्याला आगगाडीतून कसा नेणार?" आई विचारते. आपल्याकडे नेता येतं, पण त्यासाठी पहिल्या वर्गाचा अख्खा कुपे आपल्या नावावर हवा. नाहीतर स्वारी गार्डाच्या डब्यातल्या पिंजऱ्यात!

चला, आज मनातल्या मनात मोतीला घेऊन लंडनला जाऊ या. तिथे एका प्रवाशाबरोबर दोन कुत्री आगगाडीत फुकट जातात. साखळी मात्र हातात हवी आणि स्वारीनं सीटवर चढायचं नाही. भुयारी रेल्वेनं गेलात तर सरकत्या जिन्यावर त्याला उचलून घ्यायचं, म्हणजे पंजा अडकणार नाही. आपण वॉटर्लू स्टेशनावर साधी गाडी पकडू. 20-25 मिनिटांत रिचमंड येतं. तिथून टेकडी चढत गेलं, की अर्ध्या तासात रिचमंड पार्कचं फाटक.

पार्क म्हणजे झोपाळे आणि घसरगुंडी? छे! सुमारे 955 हेक्टरांचं रान आहे ते. जुनेजुने ओक वृक्ष, आणि त्यांच्याखाली सहाशेहून जास्त हरणं मोकळी चरताहेत.

1637 साली राजा पहिला चार्ल्स यानं शिकारीसाठी या रानाभोवती भिंत घातली. तरी लोकांची ये-जा चालू होती. पुढे राजकन्या अमेलियानं ती बंद केली. तेव्हा जॉन लुईस नावाचा एक बिअरचा कारखानदार कोर्टात गेला आणि 1758 साली जिंकला! भिंतीत दार हवं की भिंतीवर शिडी, असं विचारल्यावर त्यानं शिडी मागितली. दाराला कुलूप लागू शकतं ना! मग शिडीच्या पायऱ्या मुद्दाम इतक्या लांब-लांब ठेवल्या, की मुलांना नि म्हाताऱ्यांना चढता येईना. लुईसनं पुन्हा तक्रार केली आणि त्या जवळ करून घेतल्या.

आता मोतीकडे बघा. कान टवकारले, नाक हरणांकडे! 2011 साली इथेच एक कुत्रा हरणांच्या कळपामागे सुसाट धावला, आणि मालक हाका मारत त्याच्यामागे. ती चित्रफीत बघून जग हसलं. पण हरणांना त्यात हसण्यासारखं काय होतं?

मे ते जुलै हे पाडसांचे दिवस. हरिणी आपलं पिल्लू उंच नेच्यांत लपवून चरायला जाते. पिल्लू निपचित पडून राहतं. तेवढ्यात कुत्रा हुंगत आला, तर आई थेट त्याच्यावर धावून येते. म्हणून या दिवसांत कुत्रा साखळीलाच हवा. सप्टेंबर-ऑक्टोबरात नर हरणं डुरकत एकमेकांशी झुंजतात, तेव्हाही जपून. आणि एरवीही हरणांपासून निदान 50 मीटर दूर राहायचं, बरं का!

लुईस भांडला म्हणून आपल्याला आत येता आलं. आत आल्यावर कसं वागायचं, ते मात्र आपल्या हातात. मोती जरा कुरकुरेल, साखळी ताणेल. पण परतीच्या गाडीत तो तुमच्या पायाशी घोरत पडेल, आणि तिकडे नेच्यांत एक पाडस आईला बिलगून झोपलेलं असेल.