घर भाड्याचे, वस्ती आपली

व्यापारी माणूस दुकानाची जागा घेताना किती बारकाईने पाहतो, हे व्यापारी घरांत वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. गिऱ्हाईक कोणत्या बाजूने येते, माल उतरवताना टेम्पो कोठे उभा राहील, पावसाळ्यात गटार तुंबते काय, शेजारचा दुकानदार कोणता माल ठेवतो, याची चौकशी महिनोन्महिने चालते. तोच मनुष्य कुटुंबाला नव्या शहरात हलवताना मात्र एखाद्या नातेवाइकाच्या फोनवर आणि भाड्याच्या आकड्यावर विसंबून घर ठरवून टाकतो. दुकानाची जागा चुकली तर तोटा खतावणीत दिसतो. वस्ती चुकली तर तो कोणत्याही वहीत चढत नाही; घरातील माणसे तो निमूटपणे सोसत राहतात.

बार्शी, लातूर, अहिल्यानगर, सांगली अशा बाजारपेठांच्या गावांतून पुण्याकडे येणाऱ्या कुटुंबांचा ओघ जुना आहे. कोणी व्यापार वाढवण्यासाठी येतो, बरेच जण मुलांच्या शिक्षणासाठी येतात. उदाहरणादाखल असे एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. गावची आडत थोरल्या भावाने सांभाळायची आणि धाकट्याने पुण्याच्या मार्केट यार्डात बसायचे असे ठरले आहे. धाकट्याचा मुलगा सी.ए.चा अभ्यास करतो, मुलगी आठवीत आहे, आणि पंच्याहत्तरीचे वडील धाकट्याबरोबर राहणार आहेत. या पाच जणांनी पुण्यात कोठे राहावे?

पहिले उत्तर पेठांचे येते. रविवार पेठेतील बोहरी आळी, लक्ष्मी रस्त्यावरील कापड व सराफीची दुकाने, तुळशीबाग, महात्मा फुले मंडई, भवानी पेठेतील टिंबर मार्केट ही सारी जुन्या व्यापाराची ठाणी एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. गुरुवार पेठेत गोडीजी पार्श्वनाथाचे मंदिर आहे. दुकान खाली आणि बिऱ्हाड वर, ही जुनी रीत येथे अजून पूर्णपणे मोडलेली नाही. पेठेत राहणाऱ्याला रिक्षाची वाट पाहावी लागत नाही. किराणा, औषध, दवाखाना, देवदर्शन सारे पायांखाली असते. परंतु पेठेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जुन्या इमारतींत लिफ्ट क्वचित आढळते, चारचाकी ठेवण्यास जागा नसते, आणि गणेशोत्सवाच्या दिवसांत रस्ते बंद राहतात. लक्ष्मी रस्त्यावरील विसर्जन मिरवणूक चोवीस तासांहून अधिक चालते. गुडघेदुखी असलेल्या वृद्धाला तिसऱ्या मजल्यावरची पेठेतील खोली म्हणजे बंदिवास होऊ शकतो.

पुण्याचा घाऊक भुसार व्यापार पूर्वी नाना पेठ आणि भवानी पेठ या भागांत होता. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तो गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, आणि त्याच्यामागे व्यापारी कुटुंबेही दक्षिणेकडे सरकली. मुकुंदनगर, महर्षीनगर, सॅलिसबरी पार्क आणि पुढे बिबवेवाडी या वस्त्यांमध्ये आज व्यापारी घरे मोठ्या संख्येने दिसतात, त्याचे एक मुख्य कारण हे अंतराचे आहे. माणसे आली म्हणून मंदिरे, स्थानके आणि उपाश्रय झाले. ती झाली म्हणून आणखी माणसे आली. सारसबागेजवळची दादावाडी आणि कात्रजच्या टेकडीवरील आगम मंदिर ही याच दिशेला आहेत. सी.ए. संस्थेच्या पुणे शाखेची इमारतही बिबवेवाडीतच आहे. त्यामुळे उदाहरणातील कुटुंबाला वडिलांचे देवदर्शन, मुलाचा अभ्यास आणि धाकट्या भावाचा गाळा या तिन्ही गोष्टी दोन-तीन किलोमीटरच्या परिघात सापडू शकतात.

हे अंतर नकाशावर मोजून भागत नाही. ते घड्याळावर मोजावे लागते, आणि जैन कुटुंबाच्या बाबतीत ते सूर्यावर मोजावे लागते. पुण्यात जूनअखेरीस सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास होतो, तर डिसेंबरच्या आरंभी तो सहाच्या आसपास येतो. ज्या घरात चौविहार किंवा रात्रिभोजनत्याग पाळला जातो, तेथे हा सव्वा तासाचा फरक फार मोठा आहे. उन्हाळ्यात साडेसहाला गाळा बंद करून घरी जेवणारा गृहस्थ हिवाळ्यात वाकड किंवा खराडीच्या घरी सूर्यास्तापूर्वी कसा पोहोचणार? मग डबा गाळ्यावर येऊ लागतो, पुढे डबाही राहतो, आणि अनेक पिढ्यांचा नियम कोणी ठरवून न मोडताच सुटतो. नियम पाळावा की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. परंतु तो निर्णय विचाराने व्हावा, वाहतूक कोंडीने होऊ नये. म्हणूनच घर पाहण्यास जावे ते डिसेंबरमधील एखाद्या कामाच्या दिवशी, संध्याकाळी पाचच्या पुढे, आणि गाळ्यापासून घरापर्यंत स्वतः गाडी चालवून. रविवारी सकाळी पाहिलेले पुणे आणि कामाच्या दिवशी संध्याकाळचे पुणे यांत फार अंतर आहे. गंगाधाम चौकातून कोंढव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अवजड वाहनांची वर्दळ असते. तेथे शाळकरी मुलीला सायकलवर पाठवावे काय, हेही त्याच फेरीत कळते.

यार्डाशी ज्यांचे काम नाही त्यांचे उत्तर अर्थातच वेगळे होईल. ज्यांचा व्यवसाय भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांशी निगडित आहे, त्यांनी केवळ आपली माणसे आहेत म्हणून बिबवेवाडी धरणे योग्य नव्हे. मुलगा हिंजवडीच्या संगणक कंपनीत असेल, तर वाकड किंवा बाणेर त्याला सोयीचे. कोथरूडच्या वनाझपासून रामवाडीपर्यंत, आणि पिंपरी-चिंचवडपासून स्वारगेटपर्यंत, मेट्रो धावते. स्वारगेटचा टप्पा २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला आणि स्वारगेट ते कात्रज या पुढील भुयारी मार्गाची पायाभरणीही त्याच दिवशी झाली. मेट्रोने अंतराची गणिते बदलली आहेत, यात शंका नाही. तथापि भाड्याचे घर आजच्या सोयीवर घ्यावे. उद्या होणाऱ्या स्थानकाच्या नावाने आज जादा भाडे मागितले जात असेल, तर ते देण्याचे कारण नाही.

वस्ती ठरवताना घरातील कोणाचा विचार प्रथम करावा? सर्वसाधारणपणे कमावत्या माणसाचा केला जातो. तो तर सकाळी बाहेर पडतो आणि संध्याकाळी परततो. दिवसभर त्या वस्तीत राहणार आहेत ते वृद्ध वडील आणि गृहिणी. गावी ज्यांना बाजारपेठेत दहा जण थांबवून नमस्कार करत होते, त्या वडिलांना नवव्या मजल्यावर दिवसभर लिफ्टचा आवाज ऐकत बसावे लागले तर ते काही तक्रार करणार नाहीत. विचारले तर ‘बरे आहे’ एवढेच म्हणतील. परंतु बोलणे कमी होते, जेवण कमी होते, आणि वर्षाच्या आत गावी परत जाण्याचा हट्ट सुरू होतो. सकाळी स्वतःच्या पायांनी, मोठा रस्ता न ओलांडता, मंदिरात किंवा स्थानकात जाता आले आणि तेथे चार समवयस्क भेटले, तर तेच वडील नव्या शहरात रुळतात. गृहिणीचेही तसेच आहे. भाजी, पिठाची गिरणी, शिवणकाम, मुलीची शिकवणी या गोष्टींसाठी प्रत्येक वेळी कोणाची तरी गाडी मागावी लागली, तर मोठा दिवाणखाना तिच्या काय कामाचा?

भाड्याचा हिशोबही याच दृष्टीने मांडावा. समजा, दूरच्या वस्तीत घर दरमहा ५,००० रुपयांनी स्वस्त मिळते. तेथे शाळेच्या व्हॅनचे २,०००, वडिलांच्या रिक्षाचे १,५०० आणि पेट्रोलचे २,५०० रुपये वाढले, तर बचत संपून १,००० रुपये पदरचे जातात. शिवाय रोज दीड तास अधिक प्रवास झाल्यास महिन्याच्या पंचवीस दिवसांत सदतीस तासांहून अधिक वेळ रस्त्यावर जातो. व्यापाऱ्याने या तासांची किंमत स्वतःच लावावी.

पाण्याची चौकशी दोन अंगांनी करावी लागते. एक म्हणजे पिण्याचे पाणी. टँकर महिन्यातून किती वेळा येतो आणि त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये धरला आहे की निराळा, हे घरमालकापेक्षा इमारतीच्या रखवालदाराला विचारलेले बरे. दुसरे म्हणजे पुराचे पाणी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटल्याची आठवण जुन्या पुणेकरांना आहेच. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर येऊन अरण्येश्वर, सहकारनगर या भागांत हाहाकार उडाला आणि माणसे दगावली. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी पाण्याखाली गेली. ओढा किंवा नदी जवळ असल्यास तळमजला घेऊ नये, आणि वाहनतळाच्या भिंतीवरील पाण्याची खूण पाहिल्याशिवाय अनामत देऊ नये.

कराराबाबत व्यापारी घरांतही ढिलाई आढळते. ओळखीच्या माणसाचे घर म्हणून साध्या कागदावर सही होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकलेली आहे. त्याचा खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि परत मिळणाऱ्या अनामतीवरील दहा टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का पडते. दरमहा २५,००० भाडे, एक लाख अनामत आणि अकरा महिने मुदत धरल्यास ते ७१० रुपयांच्या आसपास येते. नोंदणी फी आणि कारकुनी खर्च यांत मिळवला, तरी एक लाखाच्या अनामतीच्या रक्षणासाठी ही रक्कम किरकोळच म्हणावी लागेल. नोटीस किती महिन्यांची, रंगकामाचा खर्च कोणाचा, अनामत किती दिवसांत परत मिळेल, या तीन गोष्टी करारात स्पष्ट शब्दांत असाव्यात.

आपल्या माणसांची वस्ती हा विषय अधिक नाजूक आहे. परक्या शहरात पहिल्या आजारपणात धावून येणारा शेजारी ज्याच्या-त्याच्या अनुभवाचा विषय असला, तरी ओळखीची भाषा, ओळखीचे जेवण आणि सणवार यांमुळे स्थिरावणे सोपे जाते, हे खरे. चातुर्मासात साधू-साध्वींचा योग जवळ लाभतो, मुलांवर वेगळे सांगावे न लागता संस्कार होतात. पण अशा वस्तीचे एक अदृश्य भाडेही असते. कोणाच्या घरी लग्नात किती पाने उठली, कोणी कोणती गाडी घेतली, याची तुलना रोज दारात येते, आणि नव्याने आलेले कुटुंब ऐपतीपेक्षा अधिक खर्च करू लागते. शिवाय केवळ आपल्याच माणसांत वाढलेल्या मुलाला पुढे सर्व प्रकारच्या लोकांशी व्यापार करायचा असतो. गावी त्याच्या आजोबांची आडत चालली ती शेतकरी, हमाल, तोलणार, मापाडी अशा सर्वांशी असलेल्या घरोब्यावर. तेव्हा मंदिर जवळ असावे आणि शेजार मिश्र असावा, असा मेळ साधत असेल तर तो दोन खोल्या कमी घेऊनही साधावा.

नव्या शहरात येताच घर विकत घेण्याची घाई अनेकांना होते, आणि त्यासाठी गावचा वाडा काढण्याचा विचारही होतो. तो निदान एक वर्ष लांबणीवर टाकावा. पहिले अकरा महिने ही वस्ती पारखण्याची मुदत समजावी. त्या काळात एक पावसाळा, एक गणेशोत्सव, एक दिवाळी आणि सहाला मावळणारा एक डिसेंबर पाहून होतो. नवव्या महिन्यात सर्वांनी एकत्र बसून करार वाढवायचा की वस्ती बदलायची, हे ठरवावे. त्या बैठकीत पहिला शब्द वडिलांना द्यावा, दुसरा गृहिणीला, मग मुलांना, आणि गाळ्यावर बसणाऱ्याने आपले मत सर्वांत शेवटी सांगावे.