वाटेत थांबलेला प्रभू



रविवारी मिस्सा संपल्यावर आम्ही दोघी बहिणी उगाच रेंगाळताना दिसतो, असं परवा एका काकूंनी हसत हसत म्हटलं. "पूर्वी तुम्ही किती लगबगीच्या होता! खुर्च्या लावल्या की पळालात." काकूंचं म्हणणं खरं आहे. आमच्यात हा फरक कुठे आणि कसा पडला, ते आज सांगावंसं वाटतं.

पदवी झाल्यावर आम्ही एक वर्ष पुढचं शिक्षण थांबवलं आणि पोर्तुगीज शिकायला पोर्तुगालमधल्या कोइंब्रा शहरी गेलो. गोव्यात जुने पोर्तुगीज दस्तऐवज ढिगाने पडून आहेत आणि ते वाचणारी माणसं कमी होत चालली आहेत. ही भाषा आली तर काम मिळेल, हा आमचा हिशेब. बाबांनी सोसायटीचं कर्ज काढलं, आईने पाटल्या गहाण ठेवल्या. बेळगावहून निघताना आई एवढंच म्हणाली, "एक दिवसही वाया घालवू नका गं."

आम्ही ते शब्दशः घेतलं. खोलीच्या भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं, पहाटे साडेपाच ते रात्री अकरा. आमच्यातली थोरली रोज रात्री लाल पेनाने खुणा करायची आणि धाकटीला हिशेब द्यावा लागायचा.

कोइंब्रा मोंदेगु नदीच्या काठच्या टेकडीवर वसलंय. तिथलं विद्यापीठ 1290 साली स्थापन झालं आणि 1537 पासून कायमचं याच गावात आहे. खालच्या बाजारातून वर जायला एक पायऱ्यांची वाट आहे. तिचं नावच 'केब्रा कोश्ताश', म्हणजे पाठ मोडणारी! आम्ही तीही धावतच चढायचो. बाकीचं गाव मात्र आपल्या चालीने चालायचं. दुपारी छोटी दुकानं कडी लावून जेवायला जायची. एका घोटाच्या कॉफीपुढे माणसं अर्धा अर्धा तास बसायची.

सर्वांत जास्त चिडचिड व्हायची ती कोपऱ्यावरच्या बेकरीत. एक म्हाताऱ्या बाई रोज सकाळी दोन पाव घ्यायच्या आणि पाव घेता घेता बेकरीवालीशी बोलत राहायच्या. गुडघ्याचं दुखणं, पाऊस, शेजारणीचं मांजर. मागे सात-आठ जण उभे, पण कुणी हूं की चूं करायचं नाही. आम्ही मात्र घड्याळ बघत पाय बदलायचो. आमच्या घरमालकीण आजी ऐंशीच्या घरातल्या. आम्ही जिना धाडधाड उतरलो की त्या खालून म्हणायच्या, "कों काल्मा, मुलींनो." म्हणजे सावकाश, शांतपणे.

आम्हाला तो सगळा आळस वाटायचा. गोव्याचे नातेवाईक उशिरा आले की आम्ही बेळगावकर 'सुशेगाद' म्हणून त्यांची थट्टा करतो ना? तो शब्द मुळात पोर्तुगीज 'सोसेगादु'वरून आलाय. त्याचा अर्थ आळशी असा नाही. त्याचा अर्थ शांत, निवांत, असा आहे. हे आम्ही वर्गात शिकलो, वहीत लिहून घेतलं आणि पान उलटलं.

तसंच वारांचं. पोर्तुगीजमध्ये सोमवारला 'दुसरी फैरा' म्हणतात, मंगळवारला 'तिसरी', आणि असं शुक्रवारपर्यंत. मोजणी रविवारपासून, म्हणजे प्रभूच्या दिवसापासून सुरू होते. जुन्या देवतांची नावं काढून ही पद्धत रुजवण्याचं श्रेय सहाव्या शतकातले ब्रागाचे बिशप मार्टिन यांना दिलं जातं. 'फैरा' हा शब्द ज्या लॅटिन 'फेरिया'वरून आला, त्याचा अर्थ विसाव्याचा, सणाचा दिवस. म्हणजे त्या भाषेत कामाच्या दिवसाच्या नावातही विसावा दडलेला! हेही आम्ही पाठ केलं, परीक्षेपुरतं.

नोव्हेंबर आला, पाऊस सुरू झाला. आजी दर रविवारी जेवायला बोलवायच्या आणि आम्ही दर रविवारी "अभ्यास आहे" म्हणून टाळायचो. एका रविवारी चर्चमधून परतताना त्यांनी जिन्यात धाकटीचा हात धरला. सोडलाच नाही. तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तू जेवत नाहीस." धाकटी तिथेच पायरीवर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली.

त्या दिवशी आम्ही जेवायला गेलो. बटाट्याचं आणि बारीक चिरलेल्या हिरव्या पाल्याचं सूप, त्यात शोरीसाची एक चकती, सोबत पाव. जेवण तीन तास चाललं. आमची पोर्तुगीज मोडकी, आजींना दुसरी भाषा येत नव्हती. तरी सगळं बाहेर आलं. धाकटीला महिनाभर वर्गातलं काही कळत नव्हतं. बाबांच्या कर्जाच्या काळजीने तिला झोप येत नव्हती. रात्री ती उशीत तोंड खुपसून रडायची, आणि हाताच्या अंतरावर झोपलेल्या थोरलीला ते माहीत नव्हतं. थोरली तिला रोज एकच वाक्य ऐकवायची, "वेळ वाया घालवू नको." एका घासाचा, एका नजरेचा वेळ कुणाला नव्हता. तो आजींना होता.

त्या रात्री आम्ही संत मार्कच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय वाचला. याईराची बारा वर्षांची मुलगी मरणाला टेकली आहे. प्रभू त्याच्यासोबत निघालाय. यापेक्षा घाईचं काम कोणतं असणार? आणि वाटेत प्रभू थांबतो. बारा वर्षं रक्तस्रावाने पिडलेली एक बाई गर्दीत त्याच्या वस्त्राला शिवली आहे. ती बरी तर झालीच आहे. प्रभू पुढे गेला असता तरी चाललं असतं. पण तो थांबून तिला शोधतो, तिची सगळी हकीकत ऐकून घेतो, तिला मुलगी म्हणतो. याईर बाजूला उभा आहे. त्या क्षणी त्याच्या काळजाचं काय झालं असेल! आणि तेवढ्यात निरोप येतो की मुलगी गेली.

तरीही प्रभू त्याच्या घरी पोचला, आणि त्याला उशीर झालेला नव्हता.

आम्ही बेकरीच्या रांगेतले याईर होतो. आमची निकड खोटी नव्हती. कर्ज खरं होतं, पाटल्या खऱ्या होत्या. पण आमच्या निकडीपुढे दुसऱ्या कुणाचं दुखणं आम्हाला दिसेना, अगदी सख्ख्या बहिणीचंही. पुढे आजींकडून कळलं, की त्या पाववाल्या बाई विधवा आहेत, मुलं फ्रान्सला कामाला गेलेली. बेकरीतलं ते बोलणं म्हणजे बहुतेक दिवशी त्यांचं दिवसभरातलं एकुलतं एक संभाषण. हे त्या रांगेतल्या सगळ्यांना माहीत होतं. आम्हाला तेवढं नव्हतं.

पुढे सगळं गोड झालं असं नाही. धाकटीला खालच्या वर्गात जावं लागलं आणि तिचं प्रमाणपत्र थोरलीच्या एक पायरी खालचं आहे. बाबांना फोनवर ते सांगताना आमचे हात थरथरत होते. बाबा थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "ती जेवते ना आता?" भिंतीवरचं वेळापत्रक आम्ही काढलं नाही, पण रविवारचा रकाना कोरा ठेवला. आणि निवांतपणा म्हणजे आळस नव्हे, हेही आजींकडूनच शिकलो. त्या सहाला उठून परसातली भाजी बघायच्या. काम कधी टाळायच्या नाहीत. फक्त काम करताना समोर माणूस आला, तर हातातलं खुरपं खाली ठेवायच्या.

काकू, म्हणून आम्ही रेंगाळतो. खुर्च्या लावून झाल्यावर दहा मिनिटं दारापाशी थांबतो. बहुतेकदा काही घडत नाही. गेल्या महिन्यात मात्र एक मावशी, ज्या नेहमी सगळ्यांच्या आधी निघून जातात, त्या थांबल्या. मुलाबद्दल बोलल्या. आम्ही काही उपाय सांगितला नाही, आम्हाला तो माहीतही नव्हता. आम्ही फक्त ऐकत राहिलो.

या आठवड्यात तुमच्या घाईच्या वाटेवर कोण तुमच्या वस्त्राला शिवतंय? कदाचित ते तुमच्याच घरात, हाताच्या अंतरावर असेल.

हे प्रभू येशू, तू निकडीच्या वाटेवरही थांबलास. आमची कामं तुझ्या हाती आहेत, हा भरवसा आम्हाला दे, म्हणजे आम्हालाही थांबता येईल. आमेन.